प्रोबेशनमध्ये असताना चाकणची ऑफर आली: निघावं का, आणि कसं?

प्रश्न थोडक्यात असा. वय २४, मेकॅनिकल बी.ई., राहणार मानेवाडा, नागपूर. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागून अडीच महिने झालेत, प्रोबेशन सहा महिन्यांचं, हातात २४,५०० येतात. आता पुण्याजवळच्या चाकणहून सप्लायर क्वालिटीच्या कामासाठी वर्षाला ५ लाख ४० हजार सीटीसीची (म्हणजे कंपनीचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे) ऑफर आलीय. अडचण अशी की रुजू होताना दोन वर्षांच्या आत सोडलं तर एक लाख भरायचे, अशा बॉण्डवर सही झालीय, सोबत एक कोरा चेकही दिलाय. नोकरी लागली ती वडिलांच्या मित्राच्या शब्दावर. घरचे म्हणतात, लागल्या लागल्या सोडली तर उद्या दारात कोण उभं करील? आणि शेवटची ओळ: "ताई, मी चुकीचं करून राहिलो का? का पगार झाला की गुपचूप निघून जाऊ?"

ताई म्हणालास, तर अरे-तुरे करते. मी २२ वर्षं एचआरमध्ये आहे. आधी हिंगणा, मग बुटीबोरी, आता स्वतःचं छोटंसं सल्लागाराचं काम. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, चुकीचं करत नाहीयेस. प्रोबेशनमध्ये कंपनी तुला पारखते तशी तूही कंपनीला पारखतोस. तू त्यांना पसंत पडला नसतास तर पंधरा दिवसांच्या नोटिशीवर तुला मोकळं केलं असतं, आणि तेव्हा वडिलांच्या मित्राची आठवण कोणालाही झाली नसती. दुसऱ्या प्रश्नातला "गुपचूप" मात्र खोडून टाक. त्याच्याकडे येतेच.

आधी पैशाचं. ऑफर "जवळजवळ दुप्पट" आहे असं तू लिहिलंयस. दुप्पट नाही. ऑफर लेटरच्या शेवटी तक्ता असतो, तो काढून कागद-पेन घेऊन बस. दहा टक्के व्हेरिएबल असेल तर ५४,००० तिथेच बाजूला. ते वर्ष संपल्यावर आणि साहेबांच्या मर्जीनं. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला तर महिन्याला १,८००, वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के दाखवतात. बेसिक निम्मा असेल तर हे साधारण १३,०००, आणि कायम नोकरीत पाच वर्षं काढल्याशिवाय त्यातला रुपया दिसत नाही. मेडिक्लेमचा हप्ता आठेक हजार धर. उरले महिन्याला ३७,००० च्या आसपास. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात ३५,०००. एवढ्या पगाराला इन्कम टॅक्स बसत नाही, तेवढं बरं.

म्हणजे फरक झाला साडेदहा हजारांचा. आज तू आईच्या हातचं जेवतोस, कंपनीची बस मानेवाडा चौकातून उचलते, दुपारचं जेवण कँटीनच्या सवलतीत होतं. चाकणला दोघांत खोली घेतलीस तरी भाडं, मेस, लाइट बिल, सुट्टीच्या दिवशीचं बाहेरचं खाणं, असे दहा-अकरा हजार सहज जातात. वर दिवाळी, पोळा, चुलत बहिणीचं लग्न. अजनीहून पुण्याला वंदे भारत सुरू झाली हे खरं, पण तिचं तिकीट काढताना तुला ट्रॅव्हल्सची आठवण येईल. पैशापुरतं बोलायचं तर फिट्टंफाट.

तरीही मी जा म्हणेन, आणि त्याचं कारण काम. आत्ता तू फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर व्हर्नियर आणि गेज घेऊन उभा आहेस, माल तपासतोस, रिपोर्ट भरतोस. हे काम वाईट नाही, पण दोन वर्षांनीही तेच असेल. सप्लायर क्वालिटीत तू पुरवठादारांच्या कारखान्यांत जाशील, त्यांची प्रोसेस ऑडिट करशील, पार्ट नाकारला तर का नाकारला हे समोरच्या पन्नाशीतल्या मालकाला समजावून सांगशील. पीपीएपी (नव्या पार्टच्या मंजुरीची प्रक्रिया), एट-डी (दोषाचं मूळ शोधून तो दूर करायची पद्धत) हे शब्द तू आत्ता ट्रेनिंगच्या पीपीटीत पाहिलेत, तिथे रोज वापरशील. पुढे नागपूरला परत यायचं म्हटलंस तर हाच अनुभव घेऊन येशील. चार हजार जास्त मिळतात म्हणून हेच इन्स्पेक्शनचं टेबल सोडून दुसऱ्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर जात असतास, तर मी तुला गप बस म्हटलं असतं.

पण एक गोष्ट बघितल्याशिवाय इथे राजीनाम्याचा र सुद्धा काढू नकोस. ऑफर लेटर कोणाच्या लेटरहेडवर आहे? चाकण-तळेगाव पट्ट्यात मोठ्या कंपनीचं नाव सांगून मुलाखत होते आणि पत्र येतं मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं. गळ्यात कार्ड कंपनीचं, पगार एजन्सीचा, मुदत अकरा महिन्यांची. काहींना तर अप्रेंटिसशिपच्या योजनेत घेतात आणि पत्रात "ट्रेनी" लिहितात. हे सगळं बेकायदा आहे असं नाही, पण पक्की नोकरी सोडून त्यासाठी जायचं का हा प्रश्न वेगळा. तिथल्या एचआरला मेल कर, सरळ विचार: मी कोणाच्या रोलवर (पगारपत्रकावर) असेन, प्रोबेशन किती, नोटीस किती, शहर बदलण्याचा खर्च देता का, आणि दिलात तर वर्षाच्या आत सोडलं की परत घेता का. मेलचं उत्तर मेलवरच हवं. फोनवर "हो हो, सब हो जाएगा" म्हणणाऱ्याचं काही खरं नसतं. कंपनीचा नंबर तिच्या वेबसाइटवरून काढून एकदा फोन लाव. कोणी "डिपॉझिट" किंवा "लॅपटॉपचे पैसे" मागितले तर तिथेच थांब, ती नोकरी नाही.

ऑफर मेडिकलवर अवलंबून आहे असं पत्रात लिहिलंय. मग मेडिकल आधी होऊ दे. रामदासपेठेतल्या लॅबमध्ये तपासण्या करून रिपोर्ट पाठवता येतात का ते विचार, बहुतेक कंपन्या हो म्हणतात. ते क्लिअर झाल्याचा मेल आला, रुजू होण्याची तारीख किमान तीन आठवडे पुढची मिळाली, की मग इकडचं बघायचं.

आता बॉण्ड. याबद्दल दोन टोकांचे सल्ले फिरत असतात. एक म्हणतो बॉण्डला कायद्यात किंमत नाही, फाडून फेक. दुसरा म्हणतो एक लाख भरल्याशिवाय सुटका नाही. दोन्ही अर्धवट.

तुला जबरदस्तीनं कामावर ठेवता येत नाही, एवढं नक्की. चाकरीचा करार कोर्ट बळजबरीनं पाळायला लावत नाही, १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यातच तशी तरतूद आहे. नोकरी सोडल्यावर अमक्याकडे काम करू नकोस अशी अट असेल, तर ती १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. पैशाच्या अटीचं तसं नाही. त्याच कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. कंपनीला तिच्या आतली वाजवी भरपाई मिळू शकते. वाजवी किती ते खर्च बघून ठरतं. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरण्याची अट योग्य ठरवली. त्या निकालाचा फोटो दाखवून तुला कोणी घाबरवलं तर एवढं लक्षात ठेव: तिथे सरकारी बँक होती, पद सीनियर मॅनेजरचं होतं, आणि जाहिरातीपासून सगळी भरती प्रक्रिया पुन्हा राबवण्याचा खर्च कोर्टानं विचारात घेतला. तू पाठवलेल्या बॉण्डच्या फोटोत "विशेष तांत्रिक प्रशिक्षणाचा खर्च" असं लिहिलंय. तुझ्याच म्हणण्याप्रमाणे ते प्रशिक्षण म्हणजे दोन दिवसांचं इंडक्शन, त्यात अर्धा दिवस फायर एक्स्टिंग्विशर कसा धरायचा. त्याची किंमत एक लाख कशी, हे कंपनीलाही सांगता येणार नाही.

म्हणून भांडायचं नाही, विचारायचं. "सर, माझ्या ट्रेनिंगवर झालेल्या खर्चाचा तपशील मिळेल का? वाजवी असेल ते मी भरायला तयार आहे." माझ्या अनुभवात हे वाक्य नम्रपणे विचारलं की एक लाखाचे दहा-पंधरा हजार होतात, कधी शून्यही होतं. भरलेस तर बँकेतून भर, पावती घे, आणि मूळ बॉण्ड व चेक त्याच दिवशी परत घे. दोन्ही हातात येईपर्यंत उठायचं नाही.

चेकचं जरा जपून. स्टॉप पेमेंट केलं की झालं, असा तुझ्या मित्राचा समज आहे. तसं नसतं, स्टॉप पेमेंटमुळे परत आलेल्या चेकवरही चेक न वटल्याची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची केस होऊ शकते. देणं खरंच होतं का, हा तुझा बचाव आहे, पण तो मांडायला सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात तारखांना जावं लागतं, आणि तू असशील चाकणला. चेक नंबर लिहून ठेव. राजीनाम्याच्या मेलमध्ये एक ओळ टाक की अमुक नंबरचा कोरा चेक आपल्याकडे आहे, तो परत मिळावा. वकिलाची नोटीस आलीच तर उत्तर द्यायचं, फ्रिजवर ठेवून द्यायची नाही.

नोटीस पिरियडचं सोपं आहे. तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये प्रोबेशनसाठी दोन्ही बाजूंनी पंधरा दिवस किंवा तेवढ्या दिवसांचा पगार, असं लिहिलंय. पंधरा दिवस काम करून दे. पैसे भरून लवकर सुटायचा पर्याय आहे, पण तो अगदीच घाई असेल तरच वापरायचा. वापरलास आणि त्यांनी वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावला, तर ३ ऑगस्ट २०२२ चं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक दाखव. नोटीस पगाराच्या वसुलीवर जीएसटी नाही, असं त्यात स्पष्ट आहे.

आता "गुपचूप". मी बुटीबोरीत असताना एक मुलगा पगाराच्या दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला. फोन बंद. लॉकरमध्ये सेफ्टी शूज आणि अर्धा पारले-जीचा पुडा. नियमाप्रमाणे आम्ही घरी रजिस्टर्ड पत्रं पाठवली, एक, मग दुसरं. दुसऱ्या पत्रावर त्याची आई रडत फोनवर: "मॅडम, पोलिस येतील का हो?" मुलगा तेव्हा पुण्यात, आईला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. पुढे पाचेक वर्षांनी मिहानमधल्या एका कंपनीसाठी मी मुलाखती घेत होते आणि समोर हाच. मी ओळख दाखवली नाही. बायोडेटात आमच्याकडे काढलेले चार महिने गायब होते, त्या जागी "घरगुती कारण" होतं. पण पीएफच्या नोंदीत ते चार महिने जसेच्या तसे होते, आणि कंपनीनं त्याला घेतलं नाही. चार महिन्यांत नोकरी सोडली म्हणून नाही. ते लपवलं म्हणून. आणि नागपूर केवढं? हिंगणा, बुटीबोरी, मिहान मिळून एचआरवाले सगळे एकमेकांना ओळखतात, एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहोत, तिथे सकाळी गुड मॉर्निंगची फुलं आणि दुपारी "हा कॅन्डिडेट तुमच्याकडे होता का" चालतं.

म्हणून तुझा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) जुनाच ठेव, नवा काढू नकोस. इथला शेवटचा दिवस आणि तिथला पहिला दिवस यांत एक दिवस तरी मोकळा असू दे. तारखा एकमेकांवर चढल्या की दुहेरी नोकरीचा संशय येतो. इथली एक्झिट डेट कंपनीनं भरली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी तू स्वतः पीएफच्या पोर्टलवर भरू शकतोस. इथला पगार नव्या कंपनीला कळव, म्हणजे वर्षाच्या शेवटी टॅक्सचा हिशेब चुकत नाही.

एचआरवाले काही साधू नसतात, हेही सांगते. हिंगण्यात मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. काटोलकडची एक ट्रेनी चाळीस दिवसांत निघाली, ती सरकारी परीक्षा पास झाली होती. आमचे साहेब चिडले, म्हणाले तिचं रिलिव्हिंग लेटर अडकवून ठेव. मी ठेवलं. साहेबांना नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. दोन महिन्यांनी ती वडिलांना घेऊन आली. सकाळच्या एसटीनं निघालेले दोघं गेटजवळच्या बाकावर डबा उघडून बसले होते. वडिलांच्या डोक्याला टोपी, हातात पिशवी. मला बघून ते उभे राहिले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस माझ्यासाठी उभा राहिला. मी वर गेले, दहा मिनिटांत पत्र टाइप केलं, सही केली, साहेबांना नंतर सांगितलं. ते पत्र दोन महिने माझ्या खणात काय करत होतं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही.

तुझंही पत्र अडकवलं तर घाबरू नकोस. राजीनाम्याचा मेल, तो मिळाल्याचं उत्तर, पगाराच्या स्लिपा आणि अपॉइंटमेंट लेटर एवढं हातात असेल तर बहुतेक नव्या कंपन्या तेवढ्यावर चालवून घेतात. म्हणून राजीनामा मेलवरच, आणि त्याची एक प्रत तुझ्या खाजगी ईमेलवर. शेवटच्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो. हिशेबाचं म्हणशील तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीय, राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असं तिच्यात आहे. कंपन्यांच्या छापील फॉर्मवर अजून "४५ दिवसांत फुल अँड फायनल" दिसेल. आठवडाभर वाट बघून मग आठवण करून दे, कलमाचा नंबर पहिल्याच मेलमध्ये तोंडावर मारू नकोस.

सांगायचं कसं? आधी तुझ्या विभागप्रमुखाला, तोंडी. सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगच्या आधी अजिबात नाही; कालचं रिजेक्शन डोक्यात असतं. दुपारी तीनला शिफ्ट बदलते, गलबला ओसरला की केबिनमध्ये जा. दोन वाक्यं पुरेत: "सर, मला पुढच्या कामाची संधी मिळाली आहे, सप्लायर क्वालिटीची. पंधरा दिवस आहे, हातातलं सगळं कोणाला द्यायचं ते सांगा, मी नीट देऊन जातो." कँटीन, साहेबांचा स्वभाव, पगार, यातलं काही काढू नकोस. खरं असलं तरी. केबिनमधून बाहेर आल्यावर दहा मिनिटांत मेल, एचआरला कॉपी.

ते म्हणतील, "अरे, लगेच कन्फर्म करून टाकतो, चार हजार वाढवतो." हसून नाही म्हण. चार हजारांनी इन्स्पेक्शनचं टेबल बदलत नाही. कोणत्या कंपनीत जातोयस हे सांगणं तुझ्यावर बंधनकारक नाही, पण खोटं नाव सांगू नकोस. आणि मूळ मार्कशीट जमा करून घेतल्या असतील, तर त्या राजीनाम्याच्या आधी काहीतरी निमित्त काढून परत आण. यात मी तुला थोडी लबाडी शिकवतेय याची मला कल्पना आहे.

राहिले वडिलांचे मित्र. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण बॉण्डपेक्षा तुला याचीच जास्त भीती आहे असं तुझ्या लिहिण्यावरून वाटलं. त्या काकांनी प्लांटमधल्या ओळखीच्या माणसापाशी शब्द टाकला. तुझी बातमी त्यांना त्या माणसाकडून कळली तर त्यांची मान खाली जाते. तुझ्याकडून कळली तर तेच त्या माणसाला फोन करून सांगू शकतात, "पोराला चांगलं काम मिळालं बाप्पा, जाऊ दे त्याले." म्हणून राजीनाम्याच्या आधी काकांकडे जायचं. फोन नको, वडिलांना सोबत नेऊ नकोस, ते गेले की दोघं मोठे आपसात बोलतील आणि तू सोफ्याच्या कडेला बसून राहशील. ऑफर लेटर घेऊन जा, काम काय आहे ते त्यांना समजावून सांग. ते रागावले तर पाच मिनिटं ऐकून घे. "काहून इतकी घाई?" असं विचारतीलच, तर त्याचं उत्तर तयार ठेव: ही संधी सहा महिने थांबणार नव्हती. पुढच्या मुलाला शब्द देताना त्यांना अडचण होऊ नये म्हणून पंधरा दिवस पूर्ण भरतोय, हेही सांग.

मेडिकलचा मेल या आठवड्यात आला तर रविवारी सकाळी काकांकडे आणि सोमवारी तीन वाजता केबिनमध्ये. बॉण्डच्या दुसऱ्या पानाचा फोटो तू पाठवलेला नाहीस. जामीनदार म्हणून वडिलांची सही त्यावर आहे का, ते आज रात्रीच बघ आणि मला कळव. असेल तर खर्चाच्या बोलणीत त्यांचंही नाव मोकळं करून घ्यावं लागेल, आणि ते लेखी लागेल.